घरात एकटीने घंटा: सिम्युलेटरचे आठ महिने

गेल्या ऑगस्टमध्ये लॅपटॉपवर घंटावादनाचा सिम्युलेटर घेतला, म्हणजे एक घंटा आपण आणि बाकीच्या संगणकाने वाजवायच्या असा प्रोग्राम. आता एप्रिल संपत आलाय. रोज नाही, पण आठवड्यातले चार दिवस तरी तो उघडला गेला आणि घरातले बरेचसे खास दिवस मी त्याच्यावर वाजवून पाळले. घ्यावा की नाही असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हो आहे, पण कशासाठी घ्यायचा हे आधी पक्कं असावं.

मी इंग्लंडमध्ये, लेस्टरशायरमधल्या एका लहान गावात राहते. इथल्या चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत. तीन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा दोर हातात घेतला. मंगळवारी संध्याकाळी सराव, रविवारी प्रार्थनेआधी अर्धा तास वादन, असा क्रम असतो.

हे वादन आपल्याकडच्यापेक्षा अगदी वेगळं आहे, म्हणून थोडं सांगते. देवळात घंटा टांगलेली असते आणि आपण लोलक हलवतो. इथे अख्खी घंटा फिरते. ती एका मोठ्या चाकाला जोडलेली असते. वाजवण्याआधी तिला तोंड वर करून उभी करतात. दोर ओढला की ती पूर्ण फेरी घेऊन पुन्हा तोंड वर करते. एका फेरीला साधारण दोन सेकंद लागतात. शेकडो किलोंचं धूड एकदा सुटलं की त्याला हवं तसं घाईला लावता येत नाही, त्यामुळे चाल वाजवणं शक्यच नाही. सगळ्या घंटा एकेकदा वाजल्या की एक ओळ झाली, आणि एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना घंटा फार तर एक जागा पुढे किंवा एक जागा मागे सरकते. या मर्यादेतूनच सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये चेंज रिंगिंग तयार झालं. धून नाही, फक्त क्रम बदलत न्यायचा. पाच घंटांचं सगळ्यात साधं उदाहरण असं: १२३४५, २१४३५, २४१५३, ४२५१३, ४५२३१, ५४३२१. पाच पावलांत ओळ बरोब्बर उलटी होते आणि आणखी पाच पावलांत परत सरळ. याला प्लेन हंट म्हणतात. समोर कागद ठेवायचा नसतो, सगळं डोक्यात आणि कानात.

हे मी फोनवर बाबांना पहिल्यांदा समजावलं तेव्हा ते मध्येच म्हणाले, "अगं, हा तर मेरुखंड!" म्हणजे स्वरांचे शक्य तेवढे सगळे क्रम मांडण्याची आपल्या गाण्यातली पद्धत. बाबा आयुष्यभर तबला वाजवत आले, गाण्याच्या बैठकांना साथ केली. त्यांचं म्हणणं खरंच आहे. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकरात सात स्वरांच्या ५०४० कूटतानांचा, म्हणजे उलटसुलट क्रमांचा, हिशेब मांडला. इथे सात घंटांचे सगळे क्रम एकदाही न थांबता वाजवले की त्याला पील म्हणतात, आणि तो आकडाही ५०४०च. त्याला तीन तास लागतात. असा पहिला खरा पील १७१५ साली नॉर्विचच्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्टमध्ये वाजला असं मानतात. आठ घंटांचे क्रम होतात ४०,३२०. तेही १९६३ साली लफबरोच्या घंटा ओतण्याच्या कारखान्यात आठ जणांनी वाजवले, १७ तास ५८ मिनिटं, जागा न सोडता. लफबरो माझ्या घरापासून फार लांब नाही. तिथून जाताना दर वेळी मला बाबांचं ते वाक्य आठवतं.

आता सिम्युलेटरकडे. अबेल, बेलटॉवर, व्हर्च्युअल बेल्फ्री ही इथल्या वादकांच्या तोंडची नावं. मार्च २०२० मध्ये सगळे मनोरे बंद झाले तेव्हा रिंगिंग रूम नावाची जागा ब्राउझरमध्ये उभी राहिली. ती फुकट आहे, आणि सोबतीला कुणी नसेल तर व्हीट्ली नावाचा मदतनीस उरलेल्या घंटा वाजवतो. तपशील वेगळे असले तरी मूळ काम एकच: तुम्ही एक घंटा धरायची, बाकीच्या संगणकाने वाजवायच्या. मी कीबोर्डवरची जे ही कळ दाबते. काही जण घरात चाकाला वजन बांधून खरा दोर आणि सेन्सर लावतात, त्यात घंटा खाली असताना सेन्सर तिला टिपतो आणि आवाज थोडा उशिरा सोडतो, कारण खरी घंटा वर पोहोचत आल्यावरच लोलक आदळतो. माझ्या घराच्या छताला ते झेपणार नाही.

पहिल्या तीन आठवड्यांत मी अगदी खचले होते. वादन संपलं की तो तुमचा प्रत्येक ठोका जागेपासून किती मिलिसेकंद हलला ते दाखवतो, आणि माझा प्रत्येक ठोका उशिरा! सहा घंटांच्या नेहमीच्या गतीत दोन ठोक्यांमधलं अंतर जेमतेम एक तृतीयांश सेकंद असतं, त्यात मी निम्म्याहून जास्त मागे. मनोऱ्यात तर असं होत नव्हतं. शेवटी कळलं की दोष ब्लूटूथ हेडफोनचा. आवाज कानापर्यंत पोहोचायलाच उशीर होत होता. तारेचा हेडफोन लावला आणि त्याच संध्याकाळी आकडे सरळ झाले. नवीन घेणाऱ्यांनी ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी करावी.

तार लावल्यावर मात्र माझी खरी चूक उघडी पडली, आणि हीच या सिम्युलेटरची सगळ्यात मोठी देणगी. दोन ओळी वाजल्या की पुढच्या ओळीआधी एका ठोक्याइतकी मोकळी जागा सोडतात. १२३४५६, १२३४५६, श्वास, पुन्हा १२३४५६. ती जागा मी खात होते. माझी घंटा पहिली आली की मी घाईने समेवर पडायचे. मनोऱ्यात बाकीचे पाच जण माणसं आहेत, ते नकळत माझ्याबरोबर सरकून घेतात, त्यामुळे तीन वर्षांत ही चूक कुणाच्या बोलण्यात आली नाही. संगणक सरकत नाही. तबल्याचा रियाज करताना लेहरा, म्हणजे साथीला सतत फिरणारी धून, जसा कुणासाठी थांबत नाही, तसंच. बाबांनी सांगितलेला उपाय कामी आला: महिनाभर कळ न दाबता फक्त ऐकायचं आणि ती मोकळी जागा हाताने टाळीत दाखवायची. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमच्या मनोऱ्यातलं वादन सांभाळणाऱ्या कॅप्टन बाई स्वतःहून म्हणाल्या की पहिली घंटा आता नीट बसतेय. त्यांना सिम्युलेटरचं माहीतच नव्हतं.

आता खास दिवसांविषयी. इथे लग्न, वाढदिवस, राज्याभिषेक, निवृत्ती, सगळ्यासाठी घंटा वाजवतात, आणि किती क्रम, कोण कुठल्या दोरावर, कुणासाठी, हे लिहून ठेवतात. १९४० मध्ये युद्धामुळे देशभर घंटा बंद केल्या होत्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये अल अलामीनच्या विजयासाठी एका रविवारी त्या पुन्हा वाजल्या. हे ऐकलं तेव्हा मला वसईहून आणून आपल्या देवळांत बांधलेल्या पोर्तुगीज घंटा आठवल्या. प्रसंग आणि घंटा ही जोडी आपल्यालाही परकी नाही. पण गुढीपाडव्याला मी गावातल्या पाच जणांना कामाच्या दिवशी पहाटे कशी बोलावणार?

बाबांना जानेवारीत पंच्याहत्तर पूर्ण झाली. पुण्यात सकाळी दहाला औक्षण, म्हणजे इथे पहाटेचे साडेचार. स्वयंपाकघरात दिवा लावला, लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि प्लेन बॉब डबल्स नावाच्या रचनेचे १२० क्रम वाजवले. पाच घंटा क्रम बदलतात, सहावी प्रत्येक ओळीच्या शेवटी ठाम. माझी घंटा मागे चार ठोके थांबते त्या वेळी 'बॉब' म्हणायचं, म्हणजे क्रम वेगळ्या वाटेने वळवण्याची हाक द्यायची, असं तीनदा, मग पाच घंटांचे सगळे १२० क्रम येतात आणि एकही दुबार येत नाही. जेमतेम चार-साडेचार मिनिटं. तिकडे फोन ताटाशेजारी ठेवला होता. बाबा डोळे मिटून बोटांवर मोजत होते, वहिनीने सांगितलं. शेवटी १२३४५६ परत आल्यावर त्यांनी मान हलवली आणि मगच पेढा घेतला.

डिसेंबरात मावशी गेली. तिकीट मिळेना, जाता आलं नाही. मृत्यूनंतर इथे लोलकाच्या एका बाजूला चामडं बांधून वाजवतात. एक ओळ मोकळी वाजते, पुढची तिचा लांबून आलेला पडसाद असल्यासारखी. माझ्या सिम्युलेटरमध्ये तो आवाज निवडता येतो. तेराव्याला संध्याकाळी बसले. सत्तराव्या ओळीच्या आसपास माझी जागा हरवली आणि मी थांबले. अर्धवट वादन नोंदवायचं नाही हा इथला कडक नियम आहे, आणि मला तो पटतो. दहा मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि पूर्ण झालं. ते वहीत आहे, पहिलं नाही. चार मिनिटं दुसरा कुठलाच विचार मनात येऊ शकत नाही, आला तर जागा चुकते. मावशीसाठी त्या संध्याकाळी मला एवढं अखंड लक्ष दुसऱ्या कुठल्या मार्गाने देता आलं नसतं.

उणिवाही सांगते. दोराचं काहीच यातून शिकता येत नाही. दोरावरच्या लोकरी गुंडाळीवरून हात सोडणं, वजन कुठे हलकं होतं ते ओळखणं, हे मनोऱ्यातच. ज्याने अजून दोर धरला नाही त्याने आधी घरी सिम्युलेटर घेऊ नये, कळ दाबण्याची सवय हाताला चुकीचं शिकवते. संगणकाच्या घंटा कधी चुकत नाहीत, म्हणून दुसऱ्याची चूक ऐकून सावरण्याचा सरावही होत नाही. माझ्या आवृत्तीत बाकीच्या घंटांना थोडं अडखळायला लावता येतं, पण ते यांत्रिक अडखळणं, माणसाचं नाही.

सध्या १२६० क्रमांची तयारी चालू आहे, म्हणजे दहा वेळा १२० आणि वर ६०. पाऊण तास लागेल. आजवर घरात तीनदा प्रयत्न केला, सगळ्यात लांब ८४० पर्यंत गेले. हे मनोऱ्यात आधी सगळ्यांबरोबर व्हावं अशी इच्छा आहे, आणि मग घरी आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, पुढच्या मे महिन्यात. बाबांनी मात्र वेगळंच काढलंय. पुण्यात गुरुवार पेठेत पंचहौद मिशनच्या मनोऱ्यात अशाच फिरवायच्या आठ घंटा आहेत. १८९० साली रानडे आणि टिळकांनी चहा घेतला आणि गावात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, झालं, तेच पंचहौद. लहानपणी त्या रस्त्याने मी कितीदा तरी गेले असेन, वर कधी पाहिलं नाही. या दिवाळीला आलीस की मला तिथे घेऊन चल, असं बाबा म्हणाले, आणि विचारलं की आठ घंटांना ४०,३२०च ना?