सॅमसंग ८७० इव्हो १ टीबी: जुन्या लॅपटॉपमधे टाकली आणि वीमच्या फ्री बॅकअपमधून सगळं जसंच्या तसं परत आणलं

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. २०१८ सालचा लॅपटॉप, इंटेलचा आठव्या जनरेशनचा आय-५ प्रोसेसर, आत ५४०० आरपीएमची १ टीबी हार्ड डिस्क होती आणि आता तिच्या जागी सॅमसंगची ८७० इव्हो एसएसडी बसलीय. नवीन लॅपटॉप घ्यायचा विषय घरात बंद झाला. पण खरं सांगायचं तर ह्या रिव्ह्यूत मला ड्राइव्हपेक्षा रिस्टोअरबद्दल जास्त बोलायचंय, कारण एसएसडी फास्ट असते हे आता सगळ्यांना माहितीये, आपण घेतलेला बॅकअप खरंच परत चढतो का हे मात्र फार कमी लोकांनी करून बघितलेलं असतं.

लॅपटॉप बायकोचा. तिचं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, आणि गणपतीनंतर दिवाळी अंकांची पानं. ज्यांनी हे काम जवळून बघितलंय त्यांना कळेल की असल्या मशीनवर काय काय साठलेलं असतं. पानं मांडायचं पेजमेकर ७, डिझाइनचं जुनं कोरल, मराठी टायपिंगच्या श्रीलिपीचे फॉण्ट, वेगवेगळ्या प्रेसच्या सेटिंग्ज, आणि ह्यातल्या निम्म्या गोष्टींच्या सीडी आता सापडत नाहीत आणि सापडल्या तरी घालायला ड्राइव्ह कुठाय. हे जुने फॉण्ट युनिकोड नाहीत, त्यामुळे फाइल उघडली आणि नेमका तोच फॉण्ट मशीनवर नसला की मराठी मजकुराच्या जागी नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. म्हणजे डॉक्युमेंट्स कॉपी करून ठेवली म्हणजे बॅकअप झाला असं इथे चालत नाही, अख्खं मशीन जसं आहे तसं पाहिजे.

आणि दुरुस्तीवाल्यांचं उत्तर मात्र ठरलेलं असतं. आमच्या भागातल्या एकाला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, डेटा कॉपी करून देतो, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकतो, संध्याकाळी घेऊन जा." त्याच्या दृष्टीने बरोबर असेल, पण बायकोचं काम त्यानंतर आठवडाभर बंद पडलं असतं हे त्याला समजावून सांगणं अवघड होतं. म्हणून घरीच करायचं ठरवलं.

डिस्क बदलायचं निमित्त स्पीड नव्हतं. म्हणजे स्लो तर होतंच, टास्क मॅनेजर उघडला की डिस्क १०० टक्के, डेस्कटॉप दिसल्यावरही बराच वेळ क्लिक करण्यात अर्थ नसायचा. पण क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात बघितलं तर पिवळं कॉशन, आणि करंट पेंडिंग सेक्टर शून्य नाही. म्हणजे काही सेक्टर, डिस्कवरचे छोटे कप्पे, डिस्कला वाचता येत नाहीयेत आणि त्यांचं काय करायचं हे तिचं अजून ठरलेलं नाही. हा आकडा शून्याच्या वर गेला की वाट बघू नका. अशा वेळी पहिलं काम म्हणजे कामाचे फोल्डर साध्या कॉपी-पेस्टने दुसऱ्या डिस्कवर काढायचे, इमेज (अख्ख्या मशीनची जशीच्या तशी प्रत) वगैरे नंतर. आणि लगेच विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवत बसू नका, मरायला टेकलेल्या डिस्कला पूर्ण स्कॅनचा ताण द्यायचाच कशाला.

ड्राइव्ह लॅमिंग्टन रोडवरून घेतली, ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत. ऑनलाइनपेक्षा थोडी महाग पडली असेल पण सीलबंद बॉक्स डोळ्यासमोर बघून आणि जीएसटीचं बिल हातात घेऊन आलो, पाच वर्षांच्या वॉरंटीसाठी ते बिल लागतं, शाई उडायच्या आत फोटो काढून ठेवा. आता ८७० इव्होच का? २०२१ च्या जानेवारीत आलेलं मॉडेल आहे, नवीन काही नाही. कागदावर सेकंदाला ५६० एमबी रीड, ५३० एमबी राइट, आणि १ टीबीला ६०० टीबीडब्ल्यू, म्हणजे वॉरंटी पाच वर्षं किंवा ६०० टेराबाइट लिहून होईपर्यंत, जे आधी होईल ते. स्वस्तातल्या साटा ड्राइव्हपण स्पीड जवळपास हाच सांगतात कारण साटाची, म्हणजे ड्राइव्ह जोडायच्या ह्या कनेक्शनची, मर्यादाच सेकंदाला सहा गिगाबिट आहे, त्याच्या पलीकडे कोणीच जाऊ शकत नाही. फरक आतल्या डीरॅमचा, म्हणजे ड्राइव्हच्या स्वतःच्या वेगवान मेमरीचा आहे. क्रुशियलच्या बीएक्स५०० सारख्या ड्राइव्हमधे डीरॅम नसते, मोठमोठ्या फाइल सलग लिहायला लागलं की तिथे फरक पडतो. नुसतं ब्राउझर आणि वर्ड वापरणाऱ्याने खुशाल तसली स्वस्त घ्यावी. आमच्याकडे तीनशे-चारशे एमबीच्या कोरल फाइली दिवसभर सेव्ह होतात म्हणून जास्त पैसे दिले आणि पटलेत. बॉक्समधे फक्त ड्राइव्ह आणि कागद असतात, केबल नाही, स्क्रू नाहीत, हे लक्षात ठेवून जा.

आता मुख्य भाग. क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची थेट नवीनवर नक्कल, का नाही केलं असं बऱ्याच जणांनी विचारलं. सॅमसंगचं स्वतःचं डेटा मायग्रेशन सॉफ्टवेअर आहे, चालू विंडोजमधून सरळ नवीन ड्राइव्हवर कॉपी मारतं, फक्त त्यासाठी साटा टू यूएसबी केबल लागते. सोपं आहे, नाही म्हणत नाही. पण क्लोन झाल्यावर तुमच्याकडे काय उरतं? एक नवीन ड्राइव्ह आणि एक मरायला टेकलेली जुनी. बॅकअप कुठेच नाही. त्याऐवजी एक्स्टर्नल डिस्कवर अख्ख्या मशीनची इमेज घेतली आणि तिथून नवीन ड्राइव्हवर उतरवली की तिसरी कॉपी आपोआप तयार होते, आणि मुख्य म्हणजे हा बॅकअप खोटा नाही हे डोळ्यांनी बघितलं जातं. उद्या हीच एसएसडी गेली, आणि एसएसडी जाते तेव्हा बऱ्याचदा खडखड नाही की सूचना नाही, एका सकाळी बायोसमधे (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधे) दिसतच नाही, तर काय करायचं हे आधीच एकदा करून झालेलं असतं. ट्रिममुळे (डिलीट झालेली जागा मोकळी करायला विंडोज एसएसडीला सांगतं ते) एसएसडीवरून डिलीट झालेला डेटा परत काढणंही हार्ड डिस्कपेक्षा खूप अवघड असतं, त्यामुळे रिकव्हरीवाल्यावर भिस्त ठेवून चालत नाही.

इमेजसाठी वीम एजंट फॉर विंडोजचं फ्री व्हर्जन वापरलं. मॅक्रियम ह्या दुसऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरचं फ्री व्हर्जन बंद झालं तेव्हापासून लोक विचारत असतात की आता काय, तर माझं उत्तर हे. विंडोजमधलं जुनं सिस्टम इमेज अजून आहे पण मायक्रोसॉफ्टनेच २०१७ मधे ते सोडून द्यायचं म्हणून जाहीर केलंय, आणि नवीन डिस्क जुनीपेक्षा लहान असली की ते अडतं. क्लोनझिला उत्तम आहे पण त्या काळ्या स्क्रीनवरच्या मेनूत सोर्स आणि टार्गेटची अदलाबदल झाली की संपलं, त्यामुळे सवय नसलेल्याला मी सुचवत नाही.

वीमचं डाउनलोड करताना ईमेल टाकून रजिस्टर करावं लागतं. भाषा थोडी ऑफिसच्या आयटीवाल्यांची आहे, पण कामापुरतं बघायचं तर तीनच गोष्टी. एन्टायर कॉम्प्युटर निवडायचं. बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर द्यायचा. आणि रिकव्हरी मीडिया (डिस्कवर विंडोज नसतानाही मशीन सुरू करून देणारा) पेनड्राइव्हवर बनवायचा, तिथे ह्या मशीनचे हार्डवेअर ड्रायव्हर आत घ्यायची टिक असते ती ठेवायची. एक्स्टर्नल डिस्क यूएसबी ३ च्या पोर्टलाच लावा, बऱ्याच लॅपटॉपवर तो निळा असतो. यूएसबी २ वर तीस-पस्तीस एमबीच्या वर जात नाही आणि तासाभराचं काम तीन तासांवर जातं.

आणि आता जे सांगतोय ते प्लीज स्किप करू नका. लॅपटॉप उघडायच्या आधी, जुनी डिस्क आत चालू असतानाच, दोन गोष्टी तपासून घ्या. एक, बॅकअप उघडून त्यातली एखादी फाइल बाहेर काढून बघा, वीममधे फाइल लेव्हल रिस्टोअर आहे. आम्ही गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकाची एक पेजमेकर फाइल काढून उघडली, सगळे काने-मात्रे जागच्या जागी. दोन, त्या पेनड्राइव्हवरून मशीन खरंच बूट होतंय का आणि तिथे एक्स्टर्नल डिस्कवरचा बॅकअप दिसतोय का ते बघा, मग काही न करता बाहेर पडा. बूट मेनू बहुतेक डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९. हे दोन्ही जमलं की बाकी निव्वळ स्क्रू ड्रायव्हरचं काम आहे.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून आधीच कागदावर उतरवून घ्या. ज्यांच्याकडे टॅली आहे त्यांनी लायसन्स आधी सरेंडर करून घ्यावं, नंतर धावपळ नको. विंडोजच्या लायसन्सची काळजी नाही, ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं.

उघडताना खालचे सगळे स्क्रू एकाच लांबीचे नसतात. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी सेलोटेपने चिकटवत गेलो. काही मॉडेलला रबरी पायांखालीपण स्क्रू लपवलेले असतात, झाकण निघत नसेल तर जोर लावण्याआधी तिथे बघा. मग जुनं प्लास्टिकचं कार्ड फटीतून फिरवायचं, टक टक करत क्लिपा सुटतात. आत गेल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. डिस्क पातळ पत्र्याच्या चौकटीत असते, कडेला दोन-दोन बारीक स्क्रू, आणि टोकाला रिबन केबलचा कनेक्टर. तो कनेक्टर रिबनला धरून ओढायचा नाही, प्लास्टिकच्या भागाला दोन्ही बाजूंनी नखं लावून सरळ मागे सरकवायचा. चौकट जुन्या डिस्कवरून काढून नवीनवर लावली, उंची ७ मिलिमीटरच, तंतोतंत बसते. हातात घेतल्यावर एसएसडी इतकी हलकी लागते की आत काही आहे का अशी शंका यावी.

रिस्टोअरमधे पेनड्राइव्हवरून बूट, बेअर मेटल रिकव्हरी (रिकाम्या डिस्कवर अख्खं मशीन उतरवणं), लोकल स्टोरेज, शेवटचा रिस्टोअर पॉइंट, एन्टायर कॉम्प्युटर. सुरू करण्याआधी कुठली पार्टिशन कुठल्या डिस्कवर जाणार त्याची यादी दिसते, तिथे मात्र सावकाश वाचा, कारण एक्स्टर्नल डिस्कसुद्धा मशीनला लावलेलीच असते. सॅमसंगची ९३१ जीबीची रिकामी डिस्क टार्गेट म्हणून दिसत होती, ओके केलं. तासाभरात झालं. रीस्टार्ट, विंडोजचा लोगो, आणि बायकोचा तोच वॉलपेपर, डेस्कटॉपवरचे आयकॉनसुद्धा तिने ठेवलेल्या जागीच. तिने पहिलं काम काय केलं तर पेजमेकर उघडून एका पत्रिकेची प्रिंट दिली, आणि ती निघाली. प्रिंटरची कागदाची सेटिंग बदललेली नव्हती, फॉण्ट बदललेला नव्हता, काहीच परत इन्स्टॉल करावं लागलं नाही. मला वाटतं ह्याहून मोठी परीक्षा नाही.

नंतरची किरकोळ कामं. ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्समधे जाऊन मीडिया टाइप सॉलिड स्टेट दाखवतंय का बघा, म्हणजे विंडोज डीफ्रॅग न करता ट्रिम करेल. एन्क्रिप्शन वापरत असाल तर ते नव्या ड्राइव्हवर चालू आहे का तेही बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आठव्या जनरेशनवर विंडोज ११ चालतं, पण ते अपग्रेड आम्ही डिस्क बदलल्यावर बरेच दिवस सगळं नीट चालतंय हे बघून मगच केलं. दोन्ही एकदम केलं असतं आणि काही अडलं असतं तर दोष कशाचा ते कळलंच नसतं.

वीमचा बॅकअप आता ठरलेल्या वेळी होतो आणि झाल्यावर एक्स्टर्नल डिस्क आपोआप इजेक्ट करायचा पर्याय आहे तो लावून ठेवलाय, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) आलंच तर बॅकअपपर्यंत पोचू नये म्हणून. घ्यायच्या आधी तुमच्या मॉडेलमधे एम डॉट टू स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) आहे का ते मात्र बघून घ्या, तो साटापेक्षा वेगवान एनव्हीएमईवाला असेल तर एनव्हीएमई ड्राइव्हच घ्या, ८७० इव्हो नको. जुनी हार्ड डिस्क ह्या वर्षीचे अंक छापून हातात येईपर्यंत कपाटात राहील, त्यानंतर पूर्ण पुसून ई-कचऱ्यात. पेंडिंग सेक्टरवाली डिस्क केसमधे घालून गाणी-सिनेमे ठेवायलासुद्धा मी वापरणार नाही.