पुलरच्या जाचातून सुटका: जीपला फुल फ्लोटिंग ॲक्सल बसवून अकरा महिने

चौदा वर्षांत या जीपनं मला डिझेलपायी जितकं रडवलं नाही तितकं हब पुलरपायी, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते हब ओढून काढायच्या अवजारापायी, रडवलंय. मागच्या ब्रेकचा लायनर नुसता बघायचा म्हटलं तरी पुलर. टेपरवर, म्हणजे दांड्याच्या निमुळत्या टोकावर, घट्ट बसलेलं हब हातानं निघत नाही, घण मारला तर ड्रमचं वाटोळं. म्हणून पहिल्याच वर्षी लातुरातून पुलर विकत आणला. तेव्हापासून आमच्या पंचक्रोशीत जितक्या जुन्या जीपा आहेत त्या सगळ्यांचा तो सार्वजनिक पुलर झाला. दोनदा हरवला, एकदा वाकून परत आला.

जीप तशी साधी, आखूड, डिझेल. मागं सेमी फ्लोटिंग, दोन तुकड्यांचा टेपर ॲक्सल, म्हणजे दांडा वेगळा, हब वेगळं, मधे एक चावी (दोघांना एकत्र फिरवणारा लोखंडी तुकडा) आणि वरून नट. (दांडा ज्यात फिरतो तो पूर्ण नळा म्हणजे हाउसिंग.) हा दांडा चाकही फिरवतो आणि गाडीचं वजनही झेलतो. प्रत्येक फेऱ्याला केसभर वाकतो, सरळ होतो. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तोच प्रकार, फक्त वर्षानुवर्षं चालतो. त्यात २०१६ चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आणि आम्ही गावाकडं याच जीपमध्ये दोनशे लिटरचे तीन बॅरल टाकून विहिरीवरून पाणी ओढत होतो. नुसतं पाणीच सहाशे किलो! बेरिंगची तेव्हाच वाट लागली असणार.

पण दांडा तुटला नाही, तुटली चावी. दोन वर्षांमागं सोयाबीनच्या रानात गिअर टाकला, इंजिन ओरडतंय आणि गाडी जागेवर. मिस्त्री आला, हब हातानं हलवून बघितलं.

"सर, नट ढिला हुता. चावी कातरली बगा."

"आता?"

"आता पुलर आना."

तो पुलर त्या दिवशी कुणाकडं होता ते आजही मला आठवतं.

तिथंच ठरवलं, टेपरला राम राम, आता फुल फ्लोटिंग, म्हणजे दांड्यावर गाडीचं वजनच नको. खरं तर जीप घराण्याला फुल फ्लोटिंग नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपचा मागचा ॲक्सल फुल फ्लोटिंगच होता. १९४५ मध्ये आलेल्या सीजे-२ए या नागरी जीपच्या सुरुवातीच्या गाड्यांनाही तोच, मग पुढं सेमी फ्लोटिंग टेपर आला. जुन्या सिरीज टू आणि थ्री लँड रोव्हरलाही मागं फुल फ्लोटिंग. टोयोटाच्या एफजे-४० ला मात्र सेमी, दांडा आत सी आकाराच्या क्लिपवर अडकवलेला. फुल फ्लोटिंग ओळखायचं सोपं आहे. कुठल्याही ढाब्यावर उभ्या ट्रकचं मागचं चाक बघा. हब बाहेर आलेलं आणि त्यावर गोल बोल्टांची रांग. तिथं वजन हबच्या दोन बेरिंगांवर, म्हणजे हाउसिंगवर, आणि दांडा फक्त फिरवायला.

नांदेडला एक हाउसिंग दाखवलं, पण त्यातल्या डिफ्रेन्शियलच्या (दोन्ही चाकांना फिरवणाऱ्या गिअरपेटीच्या) दोन गिअरांचे दात मोजले तर ३९ आणि ८, म्हणजे ४.८८. माझ्या पुढच्या डिफ्रेन्शियलचे ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. असं बसवलं असतं तर फोर-व्हील टाकल्यावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशीच भांडली असती. दुकानदार म्हणाला, "काय होत नाही, चालतंय." त्याचं चालतंय! शेवटी परभणीत एका जिनिंगच्या आवारात गंजत पडलेल्या सांगाड्याखाली बरोबर ५.३८ मिळाला. पाटी गळून पडलेली, त्यामुळं कंपनी विचारू नका. चौदा हजार, वर मिस्त्रीचे साडेतीन. गेल्या दिवाळीत बसवला.

पहिले तीन महिने पश्चात्ताप. इथं पुलर लागत नाही हे खरं, सहा बोल्ट काढले की दांडा हातात येतो. पण मग आत दोन पातळ नट, मधे लॉक वॉशर, आणि त्यांना लागतो वेगळा ट्यूब पाना. म्हणजे पुलर गेला आणि पाना आला. वर बेरिंगची सेटिंग. नट कसायचा, मग थोडा मागं घ्यायचा. आमच्या मिस्त्रीनं प्रेमानं जरा जास्तच कसला. अंबाजोगाईला जाऊन आलो तर डावं हब इतकं तापलेलं की हात लावता येईना. पुन्हा खोला, ग्रीस भरा, ढिला करा. तेव्हा साडू हसला. त्याची मारुती जिप्सी सेमीच आहे, पण तिला टेपर नाही, चावी नाही. बॅक प्लेटचे चार नट काढले की दांडा बेरिंगसकट बाहेर. फक्त बेरिंग बदलताना त्यावरची प्रेसची रिंग कापावी लागते. फेब्रुवारीत मला विचारलं असतं तर म्हणालो असतो, जिप्सीचंच डिझाइन शहाणं, फुल फ्लोटिंग ट्रकवाल्यांना लखलाभ.

मग यंदा भादव्यात, महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी, लातूरहून सामान घेऊन येताना शेवटच्या नऊ किलोमीटरच्या काळ्या चिखलात मागं खाडकन आवाज. उजवा दांडा तुटला. जुना माल, बारीक दांडा, तुटणारच. पण चाक जिथल्या तिथं. मागं भांडी, साड्या, फुलोऱ्याचं पीठ आणि घरची मंडळी, कुणाला उतरावंही लागलं नाही. सहा बोल्ट काढले, दांड्याचा बाहेरचा तुकडा ओढून काढला. हाउसिंगचं ऑइल हबमधून गळू नये म्हणून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून त्याच बोल्टांखाली दाबला. पुढच्या चाकांचा लिव्हर ओढला. दिवेलागणीच्या आत घरी. पूर्वीच्या सेमीवर दांडा असा तुटला असता तर हबसकट चाकच बाहेर निसटायची भीती. मग रात्र तिथंच, आणि महालक्ष्म्या आमच्याविना बसल्या असत्या.

आत राहिलेला तुकडा दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं तारेचा फास करून काढला. जुन्या बाजारातून दांडा आणला, सातशे रुपये. बसवायला वीस मिनिटं. सोबत एक जादा दांडाही घेतलाय, तो सीटखाली गोणपाटात गुंडाळून असतो. सौभाग्यवतींच्या पायाला लागतो म्हणून रोज बोलणी बसतात. फेब्रुवारीतलं मत मी मागं घेतलंय, साडूला मात्र कळवलेलं नाही.

जुना टेपर ॲक्सल लिंबाखाली पडलाय. हबसकट, ड्रमसकट चार हजारांना द्यायचाय. एक चावी नवीन, वापरलेली नाही. पुलर मागू नका, तो रेणापूरकडं गेलाय, आल्यावर बघू.