जनऔषधी केंद्र : महिन्याच्या गोळ्यांना उत्तम, तापाच्या चिठ्ठीला हेलपाटा

शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, पित्त. यांच्या गोळ्या ज्या घरात दर महिन्याला लागतात, त्या घराने जनऔषधी केंद्राची, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानाची, पायरी चढलीच पाहिजे. ताप-खोकल्याची पाच दिवसांची चिठ्ठी घेऊन मात्र तिकडे जाऊ नका. पाचातली तीन औषधं मिळतील, दोनसाठी पुन्हा नेहमीच्या मेडिकलवर यावं लागेल, आणि तिथला माणूस म्हणेल, "उरलेलीच घ्यायला आलात का?"

आधी पाटी नीट वाचा. 'जेनेरिक मेडिकल' आणि 'प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्र' ही दोन वेगळी दुकानं आहेत. (जेनेरिक म्हणजे नामांकित ब्रँडचं नसलेलं, पण घटक तोच असलेलं औषध.) खासगी जेनेरिक दुकानात पाकिटावर छापील किंमत मोठी असते आणि तीवर ६०-७० टक्के सूट 'दिली' जाते. सूट किती यापेक्षा गोळी केवढ्याला पडली ते बघा. जनऔषधीत सूट नसते, छापील किंमतच कमी असते. पाकिटावर योजनेचं चिन्ह असतं. ते नसेल तर तो माल योजनेतला नाही, मग पाटी कोणतीही असो.

फरक किती पडतो, याचं एक पक्कं उदाहरण सिटाग्लिप्टिनचं. पेटंट संपल्यावर २०२२ साली जनऔषधीत ही शुगरची गोळी आली, ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना. मेटफॉर्मिन ५०० सोबतची जोडगोळी ६५ रुपयांना, मेटफॉर्मिन १००० सोबतची ७० रुपयांना. त्या वेळी नामांकित कंपन्यांची दहा गोळ्यांची पाकिटं १६२ ते २५८ रुपयांच्या दरम्यान होती. सकाळ-संध्याकाळ ५०/५०० घेणाऱ्याला महिन्याला ६० गोळ्या, म्हणजे सहा पाकिटं, ३९० रुपये. तोच हिशेब १६२ने केला तर ९७२. आजचा भाव 'जनऔषधी सुगम' या अॅपवर औषधाचं नाव टाकून बघता येतो, जवळचं केंद्रही तिथेच सापडतं. पॅरासिटामॉल ५०० सारख्या आधीच स्वस्त गोळीत फरक थोड्या पैशांचाच, त्यासाठी गावभर फिरण्यात अर्थ नाही.

तुलना करताना गोळीमागे भाव काढा. जनऔषधीचं पाकीट बहुधा दहाचं, ब्रँडवाल्यांची कितीतरी पाकिटं पंधराची. समजा दहाचं पाकीट ३० रुपयांना आणि पंधराचं ३६ ला, तर महाग वाटणारी गोळी २ रुपये ४० पैशांना पडते आणि स्वस्त वाटणारी ३ रुपयांना.

आता खरी अडचण चिठ्ठीची. डॉक्टर ब्रँडचं नाव लिहितात आणि औषध नियमांनुसार शेड्यूल एचमधल्या, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या यादीतल्या, औषधाच्या जागी दुसरं देण्याची विक्रेत्याला मुभा नाही. प्रत्यक्षात केंद्रावर घटक बघून बदलून देतात, पण अक्षर लागलं नाही की तिथेच गाडी अडते. डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ पासून असं आहे की औषधाचं जेनेरिक, म्हणजे घटकाचं, नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याची सक्ती करणारा नियम आला आणि त्याच महिन्यात स्थगितही झाला. म्हणून मागून घ्यायचं. "साहेब, गोळीत काय काय आहे तेवढं लिहून द्या" एवढं म्हटलं की बहुतेक डॉक्टर लिहून देतात. ते जमलं नाही तर जुन्या गोळीचं रिकामं पाकीट घेऊन जा, आणि कापलेला तुकडा न नेता अख्खं पाकीट न्या. घटकाचं नाव बारीक अक्षरात असतं आणि कापताना नेमकं तेच जातं.

काउंटरवर तीन गोष्टी जुळवा: घटक, मिलिग्रॅम आणि शेवटची अक्षरं. मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर या एकच गोळ्या नव्हेत. एसआर हळूहळू विरघळते, ती चावायची किंवा कुटायची नाही. काही एसआर गोळ्यांचं रिकामं टरफल शौचात पडलेलं दिसतं आणि माणसं घाबरतात की गोळी विरघळलीच नाही. औषध तोवर अंगात गेलेलं असतं.

तीन घटकांची गोळी, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन ४०, अॅम्लोडिपिन ५ आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५, केंद्रात नसेल तर सुट्या गोळ्या घेता येतात. ही फोड डॉक्टरांना दाखवूनच करा. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. घरात जुनी तीन-घटकी गोळी उरलेली असते, नवी टेल्मिसार्टन आणलेली असते, आणि नावं वेगळी म्हणून आजी दोन्ही घेतात. बीपी खाली जातं, उठताना चक्कर, पडणं, खुब्याचं हाड. नवं पाकीट घरात आलं की जुनं डब्यातून बाहेर काढा.

जनऔषधीवर आमची मोठी तक्रार पाकिटाच्या दिसण्याची. सगळी पाकिटं एकाच तोंडवळ्याची. त्यातून खरेदी निविदेने होत असल्याने बनवणारी कंपनी बदलू शकते, आणि मागच्या महिन्यातली गुलाबी गोळी या महिन्यात पांढरी निघते. आपल्याकडे अर्धी वयस्कर माणसं औषध रंगावरून ओळखतात. यावर साधा इलाज: जाड मार्करने पाकिटाच्या पाठीवर 'सकाळ बीपी', 'जेवताना शुगर' असं लिहून टाका. बॅच नंबर आणि मुदत एका कडेला छापलेली असते, ती कड शेवटपर्यंत कापू नका.

गुणवत्तेबद्दल नेहमी शंका निघते. माल डब्ल्यूएचओ-जीएमपी (जागतिक आरोग्य संघटनेचे औषधनिर्मितीचे निकष) प्रमाणित कारखान्यांतून घेतात आणि बॅच एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच केंद्रांवर पाठवतात. तरी काही औषधं स्वतःच्या मनाने बदलायची नाहीत: फिटवरची, रक्त पातळ करणारी वॉरफरिन, थायरॉईडची. यांत थोडा फरकही अंगावर येतो. थायरॉईडची गोळी बदललीच तर सहा आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्तचाचणी, करून घ्या.

इन्सुलिनच्या बाबतीत पैसे वाचवायला पेनाचं कार्ट्रिज सोडून बाटलीवर येणाऱ्यांनी सिरिंजचं टोपण बघायलाच हवं. आपल्याकडची बाटली बहुधा मिलिलिटरला ४० युनिटची, तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटची नारिंगी टोपणाची. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने खुणेवर २० घेतलं, तर अंगात जातात फक्त ८. उलटं केलं तर अडीचपट, आणि साखर धोकादायक उतरते. घेताना इन्सुलिन फ्रीजमधूनच काढून दिलं ना, हे डोळ्यांनी बघा. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात ते एसटीच्या खिडकीशी ठेवून नेऊ नका. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात न्या, आणि बर्फाला थेट टेकू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वाया गेलेलंच असतं.

साठ्याच्या बाबतीत गुण कमीच. योजनेची मोठी गोदामं गुरुग्राम, सुरत, बंगळुरू, चेन्नई, गुवाहाटीला. केंद्रचालकाला साधारण २० टक्के कमिशन, म्हणजे ६० रुपयांच्या पाकिटामागे १२ रुपये. एवढ्यावर तो क्वचित खपणारं औषध फळीवर कशाला भरून ठेवील? हे समजून घेतलं की उपाय सुचतो. महिन्याची यादी आधी द्या, आठ दिवस अगोदर फोन करा. ठरलेलं गिऱ्हाईक असलं की तो मागवून ठेवतो. बिल छापीलच घ्या. तक्रारीला १८०० १८० ८०८० हा क्रमांक आहे. जाता जाता, 'सुविधा' सॅनिटरी पॅड तिथे एक रुपयाला एक मिळतं.

आणि केंद्रावर जाण्याआधी एक थांबा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत आहेत. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ही वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. मेटफॉर्मिन, अॅम्लोडिपिनसारख्या साध्या गोळ्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असल्या तर तिथूनच घ्या, आणि जी मिळाली नाही तेवढीच जनऔषधीच्या यादीत टाका. केंद्र जिल्ह्याच्या गावी असेल तर जाण्याचं काम घरातल्या बाईमाणसाकडे किंवा पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांकडे द्या. एसटीला एकीला अर्धं तिकीट, दुसऱ्याला तिकीटच नाही.