‘किस’चा थोडा कीस: आधी ‘अलाइव्ह!’ की ‘डिस्ट्रॉयर’?

पांढराफटक चेहरा, त्यावर काळी-चंदेरी नक्षी, लांबलचक जीभ, वीतभर टाचांचे बूट, तोंडातून रक्त आणि आग. न्यूयॉर्कच्या ‘किस’चं हे रूप टी-शर्टवर सगळ्यांनी पाहिलेलं असतं, गाणं मात्र एखाददुसरंच ऐकलेलं असतं. 1973 ला सुरू झालेला हा बँड 2 डिसेंबर 2023 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये थांबला. मधल्या पन्नास वर्षांतले वीस स्टुडिओ अल्बम क्रमाने ऐकायला बसलात तर कंटाळाल. सुरुवातीसाठी माझ्या मते दोनच दारं आहेत: 1975 चा ‘अलाइव्ह!’ आणि 1976 चा ‘डिस्ट्रॉयर’. दोघांत जेमतेम सहा महिन्यांचं अंतर, पण स्वभाव पार वेगळे.

‘अलाइव्ह!’ अडचणीतून जन्मला. फेब्रुवारी 1974 ते मार्च 1975 या तेरा महिन्यांत बँडने तीन अल्बम काढले आणि तिन्ही बेताचेच खपले. कार्यक्रमांना मात्र झुंबड उडायची. पॉल स्टॅन्ली, जीन सिमन्स, एस फ्रेली आणि पीटर क्रिस रंगमंचावर जो दणका देत, तो घरी नेलेल्या रेकॉर्डमध्ये नव्हताच. (हा दणका फुकट येत नव्हता. आग ओकण्याच्या पहिल्याच प्रयोगात सिमन्सचे केस पेटले होते.) त्यांची रेकॉर्ड कंपनी ‘कॅसाब्लांका’ही पैशाच्या चणचणीत होती. मग डेट्रॉइटचं कोबो अरीना आणि आणखी काही ठिकाणचे कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून एडी क्रेमरने त्यांचा दुहेरी अल्बम बांधला. हा क्रेमर म्हणजे जिमी हेंड्रिक्सच्या ध्वनिमुद्रणांमागचा माणूस.

आता खोड. ‘अलाइव्ह!’ नावाइतका जिवंत नाही. चुकलेले सूर, गिटारचे काही तुकडे नंतर स्टुडिओत दुरुस्त केले, हे पुढे संबंधितांनीच कबूल केलं. शुद्धतेचा आग्रह असणाऱ्यांना हे खुपतं. मला नाही खुपत. चेहराच रंगवून येणाऱ्यांकडून बिनरंगाच्या आवाजाची अपेक्षा कशाला? मला खटकतो तो मधला लांबलचक ड्रम सोलो. प्रत्यक्ष हॉलमध्ये तो अंगावर येत असेल, घरी ऐकताना तेवढ्यात चहा करून होतो.

‘डिस्ट्रॉयर’ची गोष्ट उलटी. निर्माता बॉब एझ्रिन, ॲलिस कूपरला घडवणारा. गळ्यात शिट्टी अडकवून त्याने चौघांना शाळेतल्या पोरांसारखं वागवलं, संगीताचे प्राथमिक धडेही दिले. त्याचा परिणाम पहिल्याच गाण्यात ऐकू येतो. ‘डेट्रॉइट रॉक सिटी’ रेडिओवरच्या बातमीने उघडतं आणि अपघाताच्या आवाजात संपतं. कार्यक्रमाला निघालेला एक चाहता वाटेत मरतो, एवढीच कथा. पुढे मुलांचा कोरस आहे, बीथोव्हेनची एक सुरावट आहे. आणि ‘बेथ’ आहे: पीटर क्रिसच्या खरखरीत आवाजातलं, वाद्यवृंदाच्या साथीचं हळवं गाणं. बाकीच्या तिघांपैकी कुणीही त्यात वाजवलेलं नाही. ते सिंगलच्या, म्हणजे दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला टाकलेलं होतं. रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी केली आणि गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकावर गेलं.

फटका बसला तो बँडचा गिटारवादक एस फ्रेलीला. ‘स्वीट पेन’मधला सोलो एझ्रिनने डिक वॅगनर या बाहेरच्या गिटारवादकाकडून वाजवून घेतला. फ्रेलीची ती झिंगल्यासारखी, घसरता घसरता सावरणारी गिटार हवी असेल, तर ‘डिस्ट्रॉयर’मध्ये ती अर्धपोटीच मिळते. ‘अलाइव्ह!’मध्ये पोटभर आहे.

हेडफोन लावून एकटे ऐकणारे असाल, क्वीन किंवा पिंक फ्लॉइडच्या वाटेने इथवर आला असाल, तर ‘डिस्ट्रॉयर’ घ्या. पस्तीस मिनिटांच्या आत संपतो. बाकी सगळ्यांना मी ‘अलाइव्ह!’च हातात देईन, कारण पहिल्या तीन अल्बमांतला ऐवज त्यात आयता आणि जास्त जोरकस मिळतो.

‘रंग पुसल्यानंतरचा काळ घ्यावा का?’ असंही कुणी विचारतं. सप्टेंबर 1983 मध्ये त्यांनी एमटीव्हीवर उघडे चेहरे दाखवले, फ्रेली आणि क्रिस तोवर गेलेले होते. ‘लिक इट अप’ चांगला आहे, एझ्रिनला परत बोलावून केलेला 1992 चा ‘रिव्हेंज’ तर दणकट आहे. पण सुरुवात तिथून नको. 1996 मध्ये मूळचे चौघे पुन्हा रंग फासून उभे राहिले आणि डेट्रॉइटच्या टायगर स्टेडियमची सगळी तिकिटं तासाभराच्या आत संपली, यातच काय ते आलं.

अजून ठरत नसेल, तर ‘रॉक अँड रोल ऑल नाइट’ दोनदा ऐका: आधी ‘ड्रेस्ड टू किल’ या तिसऱ्या अल्बमवरचं, मग ‘अलाइव्ह!’वरचं. गाणं तेच. स्टुडिओतल्या आवृत्तीत गिटारचा सोलोच नाही आणि ती अडुसष्टाव्या क्रमांकावर अडकली. सोलो आणि गर्दीसकटची दुसरी बाराव्यापर्यंत पोचली. पहिली नीटनेटकी आवडली तर ‘डिस्ट्रॉयर’कडे वळा. दुसरीला पाय हलला, तर ‘अलाइव्ह!’ लावा आणि ड्रम सोलोच्या वेळी चहाचं आधण ठेवा.