सांभाळणाऱ्यांची बैठक, लातूर : वर्षभर जाऊन काय मिळालं

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, स्मृतिभ्रंश आहे. असं माणूस घरी सांभाळणाऱ्यांची लातुरात महिन्यातून एका रविवारी बैठक भरते. फी नाही, भाषण नाही, सतरंजीवर बसून बोलायचं. वर्ष होत आलं, मी जाते. जावं का, असं बऱ्याच जणी विचारतात, म्हणून लिहिते.

"त्यांच्याशी वाद घालू नका" हे डॉक्टरही सांगतात. पण मग रात्री दोनला करायचं काय, ते बैठकीत कळलं. आत्याबाई औसा तालुक्यातल्या. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे माळवद कोसळलं तेव्हा त्या आत होत्या. गणपतीचं विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे भूकंप झाला. त्यामुळे आता गणपती बसले की त्या घरात झोपायला तयार नसतात. उमरग्याकडच्या एका ताईंचे वडीलही तसेच. त्या म्हणाल्या, "घर पक्कं आहे, पडत नाही, असं समजावत बसू नका. आपण शेडात आहोत म्हणा." भूकंपानंतर महिनोन् महिने लोक पत्र्याच्या शेडात राहिले होते. डोक्यावर पत्रा असला की त्या पिढीला धीर येतो. मी बाज पोर्चमध्ये, पत्र्याखाली टाकली. रोज नाही, पण बऱ्याच रात्री झोपतात. ही युक्ती पुण्या-मुंबईच्या माहितीपत्रकात कुठून असणार?

बैठक एक निवृत्त सिस्टर चालवतात. एक गोष्ट त्यांनी सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसवली आहे : दोन दिवसांत एकाएकी बिघडलं तर आजार वाढला म्हणून हातपाय गाळू नका, डॉक्टरांकडे नेऊन आधी लघवी तपासा. मध्यंतरी आत्याबाई मला चोर समजायला लागल्या, तेव्हा लघवीत संसर्गच निघाला. औषध झालं आणि बऱ्याचशा ताळ्यावर आल्या. पेन्शनवाल्यांसाठीही एक कामाची माहिती मिळाली. बोटांचे ठसे उमटत नसतील तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून होतो. थोडे पैसे घेऊन पोस्टमनही घरी येऊन करून देतो.

दिवाळीला पुण्याहून दीर आले. तासभर आत्याबाई छान बोलल्या आणि ते म्हणाले, "आई तर ठणठणीत आहे की वहिनी!" बैठकीत सांगितलं तर सगळ्या एकदम हसल्या. प्रत्येकीच्या घरी असा एक दीर नाहीतर नणंद आहेच. चार पाहुणे बसलेले असले की ही माणसं तेवढ्यापुरती सावरतात, हे मला तिथेच समजलं. आत्याबाई दिसेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवतात. 2016 ला मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेल्या गावात याला आजार म्हणायचं का, यावर मात्र आमच्यात एकमत नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. पुरुष जवळजवळ येतच नाहीत. बायकोला गाडीवरून सोडतात आणि समोरच्या टपरीवर चहा पीत बसतात. बैठकीत सांगितलेली औषधं तर अजिबात घेऊ नका. "आमच्याकडे झोपेच्या अर्ध्या गोळीने फरक पडला" असं कुणी म्हणालं की सिस्टर तिथल्या तिथे झापतात, आणि बरोबर करतात. या वयात झोपेच्या गोळीने तोल जाऊन माणूस पडतं. एखादी बाई रडायला लागली की अख्खा रविवार तिच्यावरच जातो. माझी त्याला हरकत नाही, पण तुम्ही प्रश्न घेऊन आला असाल तर तो पहिल्या अर्ध्या तासातच विचारून घ्या. आणि रात्री-बेरात्री बैठक काय कामाची? तेव्हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, 14416 लावा. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि सांभाळणाऱ्यानेही स्वतःसाठी लावायला हरकत नसते.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तुम्ही बैठकीला गेल्यावर घरी कोण बसणार? माझी शेजारीण बसते. तसं कुणी नसेल तर आदल्या दिवशी फोन करा. म्हातारं माणूस सोबत आणलं तर शेजारच्या खोलीत कुणीतरी त्यांच्याजवळ बसतं. तिथे खुर्च्या कमी आहेत, तेवढं आधी सांगून ठेवा.