डाय उत्तम, पण खरी परीक्षा ताव देण्यात: आठ महिन्यांचा अनुभव

मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश रायफलीसाठी .577/450 मापाच्या तयार पुंगळ्या (काडतुसांची रिकामी पितळी कवचं) फार महाग पडत होत्या, म्हणून तीन टप्प्यांचा फॉर्मिंग डायचा, म्हणजे पुंगळी दाबून घडवायच्या साच्यांचा, संच घेतला. कच्चा माल 24 गेज मापाच्या पितळी शॉटगन पुंगळ्या. आठ महिन्यांत चाळीसेक पुंगळ्या घडवल्या, त्यातल्या अकरा वाया गेल्या.

त्या अकरांपैकी नऊंचा दोष माझ्या घाईचा. सरळ नळीसारख्या पुंगळीचं तोंड दाबून 12 मिलिमीटरच्या आसपास आणायचं असतं. पितळ दाबलं की कडक होतं. तशीच पुढच्या डायमध्ये घातली की खांद्यावर (पुंगळी जिथे निमुळती होते तिथे) बारीक सुरकुती पडते आणि ती सुरकुती नंतर कधीच निघत नाही. आता प्रत्येक टप्प्याआधी ताव देतो, म्हणजे तापवून पितळ पुन्हा मऊ करतो. पुंगळी तिचं बूड बुडेल इतक्या पाण्यात उभी करायची, खोलीतला दिवा मालवायचा, वरच्या भागावर ज्योत फिरवायची आणि अंधारात जेमतेम लाली दिसली की आडवी पाडायची. पाणी पितळ मऊ करत नाही, ते फक्त उष्णता बुडाकडे जाऊ देत नाही. बूड मऊ झालेली पुंगळी मी सरळ भंगारात टाकतो, कारण दाब तिथेच झेलायचा असतो.

उरलेल्या दोन जास्त वंगणाने गेल्या. वंगण म्हणून लॅनोलिन (लोकरीतली चरबी) बोटाला लागेल न लागेल इतकंच हवं. जास्त झालं की ते डायमध्ये अडकतं आणि खांद्यावर खड्डा पाडतं.

संचाबद्दल तक्रार एकच: मधल्या डायच्या आतल्या बाजूला ओरखडा होता, तो प्रत्येक पुंगळीवर उमटायचा. विक्रेत्याने बदलून द्यायला दोन महिने लावले. नवी डाय मात्र आरशासारखी आहे. शेवटी पुंगळी कापून सुमारे 60 मिलिमीटर करायची, आतली कड घासायची आणि रिकामीच रायफलीच्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या पोकळीत) बसवून पाहायची. ब्लॉक (चेंबर मागून बंद करणारा ठोकळा) सहज मिटला पाहिजे.

काळी दारू (जुन्या पद्धतीची बंदुकीची दारू) वापरत असाल तर पुंगळ्या त्याच दिवशी गरम पाण्यात धुवा. चकाकीसाठी अमोनियाचा क्लीनर मात्र अजिबात नको. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया निघालं: पितळात ताण साठलेला असेल तिथे तो चिरा पाडतो. तुम्ही दाबून आकार दिलेल्या पितळातही तोच ताण साठलेला असतो. म्हणून अखेरच्या टप्प्यानंतरही तोंडाला मी एकदा हलका ताव देतो. तेव्हापासून एकही मान (पुंगळीचा तोंडाजवळचा अरुंद भाग) चिरलेली नाही, आणि पहिल्या खेपेच्या सहा पुंगळ्या आता नवव्यांदा भरल्या आहेत.