एसक्यूलाइट: गुणी डेटाबेस, पण आतल्या गाठीचा

गावच्या वाचनालयाचं देवघेवीचं रजिस्टर दोन वर्षांपूर्वी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत करून दिलं, फुकटात, कारण काकांनी सांगितलं की आमच्या घरात नाही म्हणायची सोय नाही. डेटाबेस एसक्यूलाइट. सर्व्हर नको, पासवर्ड नको, सगळा डेटा एका फाईलमध्ये, अॅप बंद करायचं आणि फाईल पेनड्राइव्हवर टाकायची की झाला बॅकअप. रिचर्ड हिप यांनी 2000 मध्ये सुरू केलेला हा प्रकार पब्लिक डोमेनमध्ये आहे, म्हणजे लायसन्सची पण कटकट नाही. इथपर्यंत पाच स्टार.

आता त्रास. हा डेटाबेस तक्रारच करत नाही हो! कॉलमचा टाइप डेट लिहिला, तो गपचूप हो म्हणाला, पण त्याच्याकडे डेट नावाचा टाइपच नाहीये. मी तारखा आपल्या सवयीने 05-12-2023 अशा टाकल्या, त्या त्याने साधा मजकूर म्हणून ठेवल्या, आणि मुदत संपलेल्यांची यादी काढली तर 5 डिसेंबर हा त्याच वर्षीच्या 10 जानेवारीच्या आधी! अक्षरं तुलना करतोय ना तो. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं करून सगळ्या तारखा परत भरल्या तेव्हा यादी सरळ आली. इंटिजर, म्हणजे पूर्णांकाच्या, कॉलममध्ये 'दहा' लिहिलं तरी घेतो. 2021 मध्ये व्हर्जन 3.37 पासून स्ट्रिक्ट टेबल, म्हणजे चुकीचा टाइप नाकारणारं टेबल, आलंय, ते वापरा, पण त्यातही डेट नाहीच.

याहून भारी म्हणजे फॉरेन की, एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या नोंदीशी बांधणारा दुवा. टेबल बनवताना मी नीट लिहिली होती, तरी एका सभासदाचं नाव उडालं आणि त्याच्याकडची चार पुस्तकं रजिस्टरात बेवारस. कारण काय तर तपासणी मुळातच बंद असते, प्रत्येक कनेक्शनला 'प्रॅग्मा फॉरेन कीज ऑन' ही आज्ञा द्यावी लागते. डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, मी वाचलं नव्हतं, चूक माझी, पण तरी.

राइट जॉइन (दोन टेबलं जोडताना उजवीकडच्या सगळ्या ओळी ठेवणारी जोडणी) चालेना म्हणून अर्धा दिवस क्वेरी उलटीपालटी करत बसलो. माझ्या लॅपटॉपवर चालते, वाचनालयाच्या कॉम्प्युटरवरच्या उबुंटू 20.04 वर नाही. तिथे एसक्यूलाइटचं व्हर्जन 3.31 आणि राइट जॉइन, फुल जॉइन आले 2022 मध्ये, 3.39 ला. कॉलम ड्रॉप करणं पण 3.35 पासून. त्यामुळे एखादं फीचर नाही म्हणून बोंब मारायच्या आधी सिलेक्ट एसक्यूलाइट व्हर्जन चालवून बघा. मी शेवटी टेबलं अदलाबदल करून लेफ्ट जॉइनवर भागवलं.

'डेटाबेस इज लॉक्ड' हा मेसेज सगळ्यांनाच भेटतो. माझ्याकडे तो यायचा कारण मीच दुसऱ्या खिडकीत डेटाबेस बघायचा ब्राउझर (इंटरनेटचा नव्हे) उघडून बदल सेव्ह न करता चहाला गेलेलो. एका वेळी लिहिणारा एकच, हा नियमच आहे. वॅल मोड, म्हणजे बदल आधी वेगळ्या फाईलमध्ये लिहायची पद्धत, लावला की वाचणाऱ्यांना लिहिणाऱ्यासाठी थांबावं लागत नाही, पण लिहिणारे दोन झाले की परत रांग.

बाकी सगळं जमवलं, मराठीच्या क्रमाने मात्र रडवलं. सभासदांची यादी लावली तर क्षीरसागर 'क' मध्ये, कोल्हे, कौलगुडच्या मागे. आणि 'ळ' ल आणि व च्या मध्ये, आपण शाळेत ह च्या नंतर म्हणतो तो. तो फक्त युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला दिलेले, आकडे बघतो, वर्णमाला त्याला माहीतच नाही. पायथनमध्ये स्वतःचं कोलेशन, म्हणजे अक्षरांच्या क्रमाचा नियम, लिहून जोडता येतं, ते केलं, वीस-पंचवीस ओळींचं काम. पण ते फक्त माझ्या अॅपमध्ये चालतं, ब्राउझरमध्ये तीच यादी उघडली की क्षीरसागर परत क मध्ये जाऊन बसतात.

पाचपैकी चार. एक कापलाय तो गप्प बसण्यासाठी.